दिवस नववा: खऱ्या घरातली संध्याकाळ

इडुन फोनवर मोकळेपणी हसली की हालदिसला काळजी लागायची.

लेक रडली असती तर एक वेळ परवडलं असतं. रडणाऱ्या माणसाला काय झालं म्हणून विचारता तरी येतं. पण हे हसू निराळं होतं. इडुनचं खरं हसू नाकातून यायचं, दबकं, बिस्किटांच्या डब्यात हात घालताना पकडली गेल्यासारखं. फोनवर यायचं ते ती काम करायची त्या बर्गेनच्या सहल कचेरीतलं हसू. टेक्सासहून कुणी विचारलं, "तुमच्याकडे डिसेंबरात सूर्य उगवतो का हो?" की इडुन तशी हसायची आणि सांगायची, "उगवतो ना, पण सणाची सुट्टी असते त्याला, उशिरा उठतो." हालदिसचा नवरा आर्नफिन गेल्याला आता दोन वर्षं होत आली. तेव्हापासून ते हसू आईच्याही वाट्याला यायला लागलं. हालदिसला वाटायचं, हिच्या यादीत आता आपणही पाहुण्यांच्या रकान्यात गेलो. पाहुण्यांना कुणी खरं सांगत नाही.

भांडी विसळताना, मेंढ्यांना गवत टाकताना, चर्चमध्ये प्रार्थनेला उभी असताना एकच विचार तिची पाठ सोडत नव्हता. ही पोरगी एकटी पडत चाललीय, आणि हिच्या हातून हिचं पोरही जाणार. एस्किलला जानेवारीत बारावं वर्ष पूर्ण होणार होतं. बारा पूर्ण झाले की कुणाकडे राहायचं, सण कुठे करायचा, यात पोराच्या म्हणण्याला मोठ्यांना वजन द्यावंच लागतं. कायदाच तसा आहे. एस्किल काही बोलणारा पोरगा नव्हता. पण न बोलणारी पोरं मनात काय काय मोजून ठेवतात, हे हालदिसनं स्वतःच्या घरात पाहिलेलं होतं.

इडुन जन्मली तीच मुळी फेरीबोटीच्या वेळापत्रकात. नेस हे फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या खाडीच्या, काठावरचं तीसेक घरांचं गाव, आणि पलीकडच्या तीरावर जायला तेव्हा मोटारी वाहणारी फेरीच होती. त्या फेरीवरच्या चहा-कॉफीच्या खोलीत हालदिस सव्वीस वर्षं कामाला होती. तव्यावर स्वेले घालायचे, म्हणजे जाडसर गोड घावन, लोणी-साखर लावून दुमडायचे आणि कागदात गुंडाळून द्यायचे. एका खेपेला अठरा मिनिटं लागत, आणि अठरा मिनिटांत चाळीस माणसं खाऊन उतरली पाहिजेत. आर्नफिन मेंढ्या बघायचा आणि हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ काढायची गाडी चालवायचा. घरात घड्याळ कमी आणि फेरीचा भोंगा जास्त चाले.

इडुन वाचायला शिकली ती धक्क्यावरच्या वेळापत्रकाच्या फळीवर. सात वर्षांची असताना बापाला सांगायची, "बाबा, तुम्ही सव्वानऊच्या फेरीनं दाताच्या डॉक्टरकडे जा. पाऊण तास तिथे, मग दोरखंडाचं दुकान, मग सव्वाअकराच्या फेरीनं परत. मध्ये सहा मिनिटं उरतात. त्यात माझ्यासाठी खडू आणा." आर्नफिन म्हणायचा, "आणि लघवीला कधी जाऊ, साहेब?" तर ही कागद पुढे ओढून विचारात पडायची. सगळं गाव हसायचं. मंत्री होणार म्हणायचे पोरगी.

ती नऊ वर्षांची होती त्या उन्हाळ्यात एक गोष्ट घडली. तेव्हा ती कुणाला गोष्ट वाटली नव्हती. पर्यटकांच्या बसगाड्या नुकत्याच वाढल्या होत्या. एका बसच्या माणसानं हालदिसला सुचवलं, "पोरीला पारंपरिक पोशाख घालून इथे उभी करा की. लोकांना आवडतं." हालदिसच्या आईनं शिवलेला तो पोशाख घरात होताच. लाल बंडी, पांढरा एप्रन, चांदीची पिन. इडुन स्वेलेच्या ताटलीशेजारी उभी राहिली आणि लोक खरंच थांबायला लागले. फोटो काढायचे. एका बाईनं गालाला हात लावून मैत्रिणीला म्हटलं होतं, "अगं, खरी आहे ही!" हालदिस तव्यावरून म्हणायची, "सरळ उभी राहा. हस. दात दिसू देत."

दहा-बारा दिवसांनी घरी परतताना इडुननं विचारलं, "आई, उद्या मी साध्या कपड्यांत येऊ?"

"एवढा एक महिना काढ, राणी. मग बघू."

मग बघायचं राहून गेलं. पुढचे तीन उन्हाळे पोरगी तिथे उभी होती.

डोंगरातून बोगदा झाला, पलीकडचं गाव मोटारीनं बारा मिनिटांवर आलं आणि फेरी बंद पडली. धक्का उरला, फळी उरली, त्यावरचं वेळापत्रक पावसानं धुऊन गेलं. इडुन बर्गेनला शिकायला गेली आणि तिथेच सहल कचेरीत चिकटली. त्या कामात तिचा हात कुणी धरू शकत नसे. कोपनहेगनच्या विमानाला उशीर झाला तर स्टॉकहोमची आगगाडी कुठली, बोटीवर व्हीलचेअर कुठल्या दारानं चढते, ऑस्लोत रविवारी उघडं काय असतं, सगळं तिच्या डोक्यात. लग्न केलं तेही फाईल करून. नवरा वेगार्ड जहाजांवर विजेची कामं करायचा, सरळ माणूस. तो हसून सांगायचा, "मला घोड्यावरून पडायचं असेल तरी इडुनला आधी विचारावं लागतं, त्या दिवशी वेळ मोकळी आहे का म्हणून."

एस्किल पाच वर्षांचा असताना ते वेगळे झाले. आरडाओरडा नाही, ताटल्या फुटल्या नाहीत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉफी घेत दोघांनी वर्षं वाटून घेतली. एक आठवडा इकडे, एक तिकडे. आणि नाताळ? सगळीकडे करतात तसंच, आलटून पालटून. सम वर्षी आईकडे, विषम वर्षी बापाकडे. इडुननं पुढच्या दहा वर्षांचा तक्ता केला, स्वतःचे निळे आणि वेगार्डचे पिवळे चौकोन घालून. इतका सुबक की त्यात पोराचा आवाज कुठे ऐकू यावा असं कुणाला वाटलंही नाही.

पहिल्या विषम वर्षी पोर बापाकडे गेलं आणि इडुननं हिवाळी सहलीबरोबर जायचं स्वतःहून मागून घेतलं. हालदिसनं तेव्हा म्हटलं होतं, "तुला जमत असेल तर इकडे ये." नेसमध्ये कुणी कुणाला नुसतं 'ये' म्हणत नाही. समोरच्याला अडचण होईल, आपण गळ्यात पडल्यासारखं दिसेल. 'जमत असेल तर' म्हणायचं आणि ऐकणाऱ्यानं त्यातलं 'ये' तेवढं उचलायचं. इडुन म्हणाली, "बघते, आई." तेही नेसमधलंच उत्तर. त्याचा अर्थ 'नाही' असा होतो.

दोन वर्षांपूर्वी, एकोणीस डिसेंबरला, आर्नफिन बर्फ काढायच्या गाडीच्या पायरीवर बसल्या बसल्या गेला. वर्ष विषम होतं, वेगार्डचं. पण त्यानंच पोराला बोटीत बसवलं आणि हालदिसला फोन केला, "या वर्षी त्याला आजोबांपाशी राहू द्या." बदल्यात गेल्या वर्षी, इडुनच्या सम वर्षी, एस्किल बापाकडे गेला. तेही रास्तच होतं. गेल्या वर्षी हालदिस चोवीस तारखेला, म्हणजे ऐन सणाच्या संध्याकाळी, एकटी जेवली. इडुन तेव्हा कुठल्याशा हॉटेलात चौदा कॅनेडियनांना आलं घातलेल्या बिस्किटांची घरं बांधायला शिकवत होती.

ऑक्टोबरात इडुन आली. बूट दाराशी काढायच्या आधीच म्हणाली, "आई, तुझ्यासाठी एक मस्त कल्पना आणलीय."

कॉफी झाली, लोणी लावलेल्या लेफसेची, त्या पातळ मऊ पोळीची, घडी तिनं हातात धरली पण तोंडात घातली नाही. संगणक उघडून आईकडे वळवला. सोळा डिसेंबरपासून नऊ दिवस. कोपनहेगनची रोषणाई आणि नाताळबाजार, स्टॉकहोमच्या जुन्या गल्ल्या, ऑस्लो, मग पठारावरून आगगाडीनं बर्गेन, आणि शेवटी बोटीनं फ्योर्डमध्ये. अकरा पाहुणे.

"सगळ्या कंपन्या तेवीसला पाहुण्यांना विमानात बसवून मोकळ्या होतात," इडुन सांगायला लागली. "कारण चोवीसला दुपारनंतर या देशात ब्रेडची लादीसुद्धा मिळत नाही. हॉटेलातले आचारी घरी, बस बंद. रस्त्यावर कुत्रं नसतं. माझा साहेब म्हणाला, चोवीसची संध्याकाळ जो विकेल तो जिंकला. मग मला सुचलं. खरं घर! पाहुणे धक्क्याजवळच्या अतिथीगृहात झोपतील. पण संध्याकाळ खऱ्या घरात."

"कुणाच्या?" हालदिसनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला कळलं.

"तुला काही करायला लागणार नाही गं. नेहमीचंच. खारवलेल्या बरगड्या, सलगमाचं भरीत, खीर. फक्त दोघं मांस खात नाहीत, त्यांना मी मासा सांगितलाय. बर्फ पडेलच असं नाही, ते बारीक अक्षरांत लिहून टाकलंय." आणि हसली. कचेरीतलं हसू.

हालदिसनं चष्मा लावून वाचलं. 'दिवस नववा: खऱ्या घरातली संध्याकाळ. तांदळाच्या खिरीत लपवलेला बदाम, ज्याला सापडेल त्याला मार्झिपानचं, म्हणजे बदामाच्या मिठाईचं, डुक्कर!'

"एकच ना बदाम?"

"अकरा टाकायचे, आई. एकालाच सापडला तर बाकीचे दहा रुसतात. सगळ्यांना डुक्कर मिळालं पाहिजे."

"मग कुणालाच सापडला नाही म्हण की."

"आई!"

"बरं बाई. अकरा टाकते."

खाली आणखी एक ओळ होती. 'दुपारी चार: यजमानबाईंसोबत चर्चच्या आवारात, दिवंगतांच्या कबरीवर मेणबत्त्या लावण्याची हृद्य प्रथा.' हालदिसनं ती ओळ दोनदा वाचली. आर्नफिनच्या दगडावर अजून शेवाळंही धरलं नव्हतं.

"हे कशाला?" ती म्हणाली.

"सगळं गाव तेव्हा तिथे असतंच ना? इतके दिवे, अंधार, पाणी... लोकांना भिडतं ते. पण तुला नको असेल तर सांग हं. काढून टाकते. लगेच काढते." इडुनचं बोट कळीवर होतं. चेहरा तसाच, उत्साहानं फुललेला. हालदिसला वाटलं, आता नको म्हटलं तर हा चेहरा विझेल आणि मागे काय आहे ते दिसेल. ते बघायची तिची हिंमत झाली नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "तू असशील ना पण? जेवायला?"

"असेन म्हणजे काय, मीच आणतेय त्यांना!"

"बसशील का, असं विचारतेय."

"मी उभी असते गं. कुणाला काय हवं-नको बघायला. गळ्यात पाटी असते." इडुन उठली. "तू ना, काळजीचं दुकान आहेस नुसतं."

हालदिस तेव्हाही 'नको' म्हणाली नाही. निदान त्या रात्री पोरगी याच छपराखाली असेल, एवढंच तिनं मनात धरून ठेवलं.

डिसेंबर लागला तसा शेजारचा ओडमुन बरगड्या घेऊन आला. एका फेरीवर दोघांनी वीस वर्षं काम केलेलं, त्यामुळे त्याच्या जिभेला कुंपण नव्हतं.

"काय गं हालदिस, खानावळ काढतेस म्हणे?"

"काढतेय. तुला ताटं घासायला ठेवते."

"मी येतो की. पोशाख काय घालू? खरा म्हातारा मच्छीमार म्हणून कोपऱ्यात बसवा मला, पाईप देऊन. फोटोला बरा दिसेन." मांस टेबलावर ठेवत त्यानं आवाज उतरवला. "आणि आर्नफिनच्या खुर्चीवर कोण?"

"डेन्व्हरची एक बाई आहे."

ओडमुन दाराकडे वळला. टोपी नीट केली, उंबऱ्याशी थांबला आणि म्हणाला, "जमत असेल तर तू आमच्याकडे ये त्या दिवशी." हालदिस म्हणाली, "बघते." दोघांनाही उत्तर कळलं.

नाताळच्या आधीच्या चार रविवारांतला दुसरा रविवार होता. हालदिसनं दुसरी मेणबत्ती पेटवली. दुपारचे तीन वाजले होते आणि पलीकडचा डोंगर काळा झाला होता. फोन वाजला. एस्किल होता. तो आपणहून कधी फोन करत नसे.

"आजी, काय करतेस?"

"मेणबत्ती लावली. तू?"

"काही नाही." मग एकदम म्हणाला, "आजी, या वर्षी मी कुणाकडे आहे?"

"म्हणजे?"

"आई म्हणते विषम वर्ष आहे, म्हणजे बाबाकडे. बाबा म्हणतो गेल्या वर्षी माझ्याकडे होतास, म्हणजे आता आईकडे. ते लोक कॅनरी बेटांवर चाललेत. बाबा, सिल्या आणि बाळ. तिकिटं काढून झालीत. तीनच." सिल्या म्हणजे वेगार्डची आताची बायको. "मी काही म्हटलं नाही त्यांना. म्हणजे मला चालेल काहीही. इथे घरी राहिलो तरी चालेल. पिझ्झा असतो फ्रीजमध्ये."

"तू आईला सांगितलंस?"

"तिनं तक्ता पाठवला. त्यात पिवळा चौकोन आहे." मग म्हणाला, "पुढच्या वर्षी मी बारा पूर्ण असेन. मग मीच ठरवीन. मग कुणाला मोजायला नको."

त्यानं हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो समजूत काढल्यासारखं म्हणाला. हालदिसनं त्याला सांगितलं की बघू, मी आईशी बोलते, आणि फोन ठेवल्यावर ती फ्रीजपाशी गेली. फ्रीजच्या दारावर तिचंही कॅलेंडर होतं. आर्नफिन गेला त्या वर्षी आणि गेल्या वर्षी वाटण्यांची अदलाबदल झाली होती. कागदाप्रमाणे मोजलं तर इडुनचं बरोबर, पाळीप्रमाणे मोजलं तर वेगार्डचं. आणि दोघांच्या बरोबरमध्ये पोर दोन नाताळ आईविना.

तिनं इडुनला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला, इडुन तक्ता उघडत होती. 

"विषम वर्ष आहे, आई," इडुन म्हणाली.

"तुला खरंच लक्षात आलं नाही? गेल्या वर्षी तो तिकडे होता."

"मी वर्षभर आधी आखते. तेव्हा विषम आहे एवढं बघितलं."

"आणि नंतर?"

 उत्तर आलं ते खालच्या आवाजात, नऊ वर्षांच्या पोरीच्या. "नंतर लक्षात आलं. ऑगस्टमध्ये. तोवर सगळं विकून झालं होतं." मग म्हणाली, "आणि नसतं झालं तरी, आई... तुझ्याकडे येऊन काय केलं असतं? बाबांच्या खुर्चीकडे बघत बसले असते? एस्किल माझ्याकडे बघणार, तू त्याच्याकडे. माझे हात कुठे ठेवू ते मला कळत नाही तेव्हा. काम असलं की हात चालतात."

"इडुन," हालदिस म्हणाली.  दोघींच्या मध्ये इतका जवळचा क्षण कित्येक वर्षांत आला नव्हता, आणि हालदिसला भीती वाटली की एक शब्द चुकीचा पडला तर तो बुडेल.

तो तिच्या शब्दाविनाच बुडाला. इडुननं श्वास घेतला आणि आवाज एकदम उजळला. "पण थांब! मग त्याला तिकडेच घेऊन येते की! प्रश्नच मिटला. अगं, उलट छानच होईल. घरात मूल असलं की सण कसा वाटतो! त्याला लाल जाकीट घालू, बाबांचं लहानपणचं आहे ना पेटीत? तो पक्ष्यांसाठी ओटाच्या लोंब्यांची पेंढी टांगेल, दार उघडून सगळ्यांचं स्वागत करेल. साहेब नाचेल! मी दिवस नववा लगेच बदलते."

"त्याला विचारशील आधी?"

"अगं, एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे." आणि हसली.

सोमवारी सकाळी सहलीचा नवा कार्यक्रम आला. हालदिसनं दहा वाजता, उजेड झाल्यावर, खिडकीपाशी बसून तो वाचला. 'साडेपाच: घराचा छोटा वारस पारंपरिक वेशात आपले स्वागत करील. छायाचित्रांसाठी दहा मिनिटं.'

ती माळ्यावर गेली. पेटीत आर्नफिनचं जाकीट वरच होतं, कापराच्या वासाचं, चांदीची बटणं काळवंडलेली. एस्किलला खांद्यात बरोबर बसलं असतं. त्याखाली लाल बंडी होती, इडुनची, आणि बंडीत गुंडाळलेला एक फोटो. कुणा पर्यटकानं काढून मागाहून टपालानं पाठवलेला. फेरीचा कठडा, मागे पाणी, हातात स्वेलेची ताटली, आणि नऊ वर्षांची इडुन हसतेय. सरळ उभी. दात दिसताहेत.

हालदिसनं फोटो उजेडाला धरला. इतकी वर्षं ती म्हणत आली होती की कामानं पोरीला असं केलं, शहरानं केलं, घटस्फोटानं केलं. आणि हे हसू तर फोटोत होतं. बर्गेन नव्हतं तेव्हाचं. वेगार्ड नव्हता तेव्हाचं. तव्यामागून कुणीतरी 'हस' म्हटलं होतं म्हणून आलेलं, आणि मग बघू म्हणून तिथेच राहून गेलेलं.

ती खाली आली. फोटो टेबलावर ठेवला, जाकीट वरच राहू दिलं.

आता नाही म्हटलं तर काय होईल, हे तिला नीट ठाऊक होतं. चौदा दिवसांवर सण आलेला. अकरा माणसं नाताळच्या संध्याकाळी बंद गावात अतिथीगृहाच्या खोल्यांतून बसतील, किंवा थंड मासा खातील. छापील कागदावर खऱ्या घराचं वचन आहे. साहेब इडुनला धरेल, कदाचित ठेवणारही नाही. आणि इडुन आईला क्षमा करेल असं हालदिसला वाटत नव्हतं. या घरात कुणी ओरडत नाही, नुसतं यायचं थांबतं. असंही होईल की ना लेक येईल ना नातू, आणि ती पुन्हा एकटी बरगड्या खाईल. ती सत्तरी ओलांडलेली होती. किती नाताळ उरलेत, हे मोजायला तिला कुणाचा तक्ता नको होता.

तिनं आधी वेगार्डला फोन लावायचा विचार केला, पोराला इकडे पाठव म्हणून. मग अतिथीगृहवाल्याला, जेवण तिथेच करता येईल का विचारायला. मग ओडमुनला. ही सगळी नेसची पद्धत होती, वळसा घालून जायची, म्हणजे ज्याला सांगायचं त्याला सोडून सगळ्यांना सांगून होतं. तिनं हात मागे घेतला.

खिडकीतून जुना धक्का दिसत होता. पोरीनं तिथे कितीदा वाट पाहिली असेल, चोवीस तारखेच्या शेवटच्या फेरीची, बापाचा हात धरून, सगळ्या गावाला घरी पोचवून आई सर्वांत शेवटी उतरेपर्यंत.

हालदिसनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दोन वाक्यं तिनं मोठ्यानं म्हणून पाहिली, कारण तशी वाक्यं तिच्या तोंडून कधी गेली नव्हती. नाही, पाहुणे माझ्या घरी येणार नाहीत. तू ये, पोराला घेऊन ये, आणि गळ्यातली पाटी काढून ये. दुसऱ्या वाक्यात 'जमत असेल तर' दोनदा घुसलं. तिसऱ्यांदा ते बाहेर राहिलं.

मग तिनं इडुनचा नंबर शोधला. कचेरीचा नव्हे, तिचा.